रिकामी पाकिटं

मुकादम हे काही त्यांचं पद नव्हतं. पद होतं फाटकावरच्या राखणदाराचं, आणि काम होतं काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याच्या मागच्या फाटकातून गाड्या आतबाहेर सोडायचं. पण माणूस असा मुका, की ड्रायव्हर लोकांनीच त्यांना मुकादम करून टाकलं. शेजारच्या वजनकाट्यावरचे काटेवाले मामा म्हणायचे, "साहेबांनी जन्मात दिली नसती ती बढती ड्रायव्हरांनी फुकटात दिली. आता तोंड उघडून आभार तरी मान!" मुकादम मान हलवायचे. झाले आभार.

त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच कारखान्यात, ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या एका गार खोलीत बसायचा. त्याला सगळे तारवाला म्हणत. भट्टीपासून फाटकापर्यंत जेवढ्या तारा फिरल्या होत्या, तेवढ्यांचा तो धनी. भट्टीचं तापमान, काट्यावरचं वजन, कॅमेऱ्यांची चित्रं, टेबलाटेबलांवरचे फोन, सगळं त्याच तारांतून यायचं. आणि ते सलग येत नाही, तुकडे होऊन येतं. प्रत्येक तुकड्यावर कुठून आला आणि कुठं जायचं ते लिहिलेलं. ह्या तुकड्यांना तारवाला पाकिटं म्हणायचा. सगळी पाकिटं त्याच्या खोलीतल्या कंट्रोलर नावाच्या जुन्या यंत्रापाशी येऊन रांगेत उभी राहत. कुणाला आधी सोडायचं, कुणाला थांबवायचं, रांग ओसंडली तर कुणाला टाकून द्यायचं, ते तारवाल्यानं लिहिलेल्या नियमांवर ठरे.

"म्हणजे बापाचंच काम की," मामा म्हणाले होते. "तो उन्हात करतो, तू गारव्यात."

खोटं नव्हतं. नोकरी नवीन असताना त्यानं एकदा केबिनमध्ये चहा पिता पिता विचारलं होतं, "बाबा, दोन गाड्या एकदम आल्या तर आधी कुठली घेता?"

बाबांनी कप खाली ठेवला. फाटकाकडे बघत राहिले. चहावर साय धरली तेव्हा म्हणाले, "रिकामी."

"रिकामी? माल तर भरलेलीत असतो!"

परत तेवढाच वेळ. "रिकामी आली म्हणून ती गाडी नसते का? ती काहीतरी न्यायला आलेली असते."

मुकादमांच्या आयुष्यातलं हे बहुधा सगळ्यात लांब भाषण. तारवाला हसला आणि उठून कामाला गेला.

बाबांना तोंडावर बोलायचं म्हटलं की जिभेला कुलूप लागायचं. फोनवर जरा बरं होतं, समोर कुणी बघत नसे. फाटकाच्या केबिनचा नंबर अकरा, तारवाल्याच्या टेबलाचा चाळीस. फोन यायचा, तारवाला "काय बाबा?" म्हणायचा, पलीकडून "हं" यायचं, आणि मग शांतता. बाबांचं वाक्य गोगलगाईसारखं होतं. हळूहळू बाहेर यायचं, आणि मध्येच कुणी आवाज केला की शिंगं आत. तारवाल्याला हे माहीत होतं. तो "काय बाबा" म्हणून गप्प बसायचा. त्यात त्याच्या खोलीत यंत्रांच्या पंख्यांची घरघर. एकदा बाबांनी विचारलं होतं, "गिरणी घातलीस का?" तेव्हापासून तो आपल्या बाजूचा आवाज बंद करायचं बटण दाबून ऐकत बसे. दोन मिनिटं जायची, चार जायची. मग कधी "जेवलास?" तर कधी "आज वारा आहे." आणि खट. 'ठेवतो' हा शब्द बाबांना माहीतच नव्हता.

ह्या शांततेपुढे तारवाल्याचा धीर एकदाच सुटला होता. चार वर्षांपूर्वी, भर दुपारी. भट्टीकडची तार कुणीतरी खणताना तोडली होती, साहेब डोक्यावर उभे होते, तीन फोन एकदम वाजत होते. त्यातला एक अकरा नंबरचा.

"काय बाबा?"

शांतता.

"बाबा, बोला ना! इथं माझ्या बुडाखाली आग लागलीय!"

शांतता. त्यानं फोन ठेवून दिला.

पलीकडे बाबांना सांगायचं होतं, तुझी आई गेली. ते शब्द जुळवत होते. दीड तासानं काटेवाले मामा जिने चढून धापा टाकत आले, आणि त्यांनी एका दमात सांगितलं.

सगळं उरकल्यावर, घरातली माणसं पांगल्यावर, तारवाला बाबांच्या पायाशी बसून म्हणाला, "बाबा, ह्यापुढं तुमचा फोन मी कधी आधी ठेवणार नाही. कितीही वेळ लागू दे. तुम्ही ठेवाल तेव्हाच." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. दुसऱ्याच दिवशी तीनची पाळी बदलली आणि अकरा नंबरचा फोन आला. मग रोज यायला लागला. चार वर्षं. साहेब समोर उभे असले तरी तारवाला हातानं 'थांबा' अशी खूण करायचा आणि रिसीव्हर कानाला धरून बसायचा. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "अरे, पलीकडे कुणी आहे का नुसताच देखावा?"

"बाबा आहेत साहेब."

"काय म्हणतायत?"

"अजून काही नाही."

बाबांच्या निवृत्तीला अडीच महिने राहिले. राहती खोली कारखान्याची, ती सोडावी लागणार होती. एका रविवारी तारवाला त्यांच्याकडे गेला आणि दारातच म्हणाला, "बाबा, निवृत्तीनंतर आमच्याकडे या. कायमचे. तिचंही तेच म्हणणं आहे." ती म्हणजे त्याची बायको. बाबा चपलेचा पट्टा शिवत बसले होते. सुई तशीच धरून म्हणाले, "सांगतो. फोनवर."

त्यांना तोंडावर हो म्हणता आलं नसतं, आणि नाही तर त्याहून नाही. तारवाला खुशीत परत आला. बायकोला म्हणाला, "सांगतो म्हणाले!"

"सांगतो म्हणजे हो का नाही?"

"ते फोनवर कळेल."

"देवा," ती म्हणाली, "म्हणजे मी म्हातारी होईपर्यंत थांबायचं."

त्याच आठवड्यात भट्टीचा घोळ झाला. तीनच्या पाळीला जाणारे-येणारे सगळेच फोनला चिकटत. कंट्रोलर जुना, पोटात जागा थोडी. फोनच्या पाकिटांच्या गर्दीत भट्टीचं तापमान अडकलं, उशिरा पोचलं, आणि एक अख्खी पाळी बाटल्या गार होताना तडकत गेल्या. काचेचा खच पडला. साहेब तारवाल्याच्या खोलीत येऊन म्हणाले, "भट्टी आधी. बाकी सगळं खड्ड्यात गेलं तरी चालेल. काय करायचं ते कर."

तारवाल्यानं दोन दिवस बसून पाकिटं तपासली, आणि त्याला एक गंमत सापडली. फोनवर कुणी बोलत नसलं तरी फोन पाकिटं धाडतच राहतो. त्यांत आवाज नसतो. नुसता एवढाच निरोप असतो, की मी आहे, पण गप्प आहे. रिकामी पाकिटं! शिवाय निम्मे लोक बोलून झाल्यावर रिसीव्हर नीट ठेवत नसत, टेबलावर तसाच सोडून चहाला जात, आणि तो कंट्रोलरची जागा अडवून पडे. तारवाल्यानं नियम लिहिले. भट्टीची पाकिटं सगळ्यांत आधी, काट्याची त्यांच्या मागे, फोनची शेवटी. रिकामी पाकिटं आत घ्यायचीच नाहीत. आणि दोन्हीकडून वीस सेकंद काही आलं नाही, तर फोन मेला असं समजून तोडायचा.

भांडार, कँटीन, पॅकिंग, सगळीकडे फोन लावून त्यानं पारखून पाहिलं. कुणाचा तुटला नाही. माणूस फोनवर वीस सेकंद गप्प राहतोय कशाला! भट्टी सुरळीत झाली. तक्रारवहीत एक ओळ पडली नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

ह्या सगळ्यात त्याला बाबा आठवले नाहीत. कसे आठवतील? बाबा फोनवर गप्प असतात असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. चार वर्षं ऐकून ऐकून त्याच्या लेखी ते बोलणंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तीनला अकरा नंबर आला. "काय बाबा?" "हं." तारवाल्यानं बटण दाबलं, कान लावला. थोड्या वेळानं खट. बाबांनी ठेवला. होतं असं कधी कधी. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशीही. तारवाल्यानं त्याचा अर्थ लावला. बाबा फोन उचलतात, सांगायचं म्हणतात, आणि धीर होत नाही म्हणून ठेवून देतात. म्हणजे उत्तर 'नाही' आहे. मुलाला नाही कसं म्हणावं हेच त्यांना जमत नाहीये.

"तुम्हीच विचारा ना सरळ," बायको म्हणाली.

"विचारलं की मागं लागल्यासारखं होतं. नकोसं असेल त्यांना आपल्याकडं. कोंडमारा कशाला करायचा?"

मध्ये एक दिवस मात्र फोन तीन मिनिटं चालला. केबिनच्या दारातच कुणीतरी मोठी गाडी चालू ठेवून उभं होतं, इंजिन धडधडत होतं. त्या धडधडीतून बाबांचा आवाज आला. "तुमच्याकडं ती मागची खोली आहे ना?"

"हो बाबा."

इंजिन धडधडत राहिलं. "तिची खिडकी कुठल्या बाजूला?"

"सकाळचं ऊन येतं त्या बाजूला. का हो?"

"हं," बाबा म्हणाले. तेवढ्यात ड्रायव्हरनं हाक मारली आणि खट. तारवाल्यानं घरी जाऊन सांगितलं, "आज खिडकीची चौकशी करत होते. काय म्हणावं ह्या माणसाला!"

मग एका रविवारी बाबा जेवायला आले. बायकोनं पानं वाढता वाढता विचारलंच, "मग बाबा, कधी येताय राहायला?" बाबांचा हात ताटात थांबला. त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलगा खाली बघत होता, बाबांना अडचण नको म्हणून. बाबांनी बराच वेळ त्याच्या खाली घातलेल्या मानेकडं बघितलं आणि म्हणाले, "बघू."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही दोघं म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंती. आणि मी मधलं दार. किती वाजायचं मी एकटीनं?"

निवृत्तीला एकोणीस दिवस उरले असताना, एका सकाळी, कामावर निघताना बाबा खाटेवर बसून बूट घालत होते. एक बूट बांधून झाला. दुसऱ्याची नाडी हातातच राहिली. शेजाऱ्यानं दार उघडं बघून हाक मारली तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, त्रास झाला नसणार. तारवाल्यानं तो न बांधलेला बूट त्यांच्या पायातून काढला आणि तो काढायला त्याला फार वेळ लागला.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला आणि आधी फाटकावर गेला, केबिनमधलं बाबांचं सामान न्यायला. मामा तिथंच होते. नवा राखणदार अजून आला नव्हता, म्हणून काट्यावरून फाटकावर आणि फाटकावरून काट्यावर अशा त्यांच्या येरझारा चालल्या होत्या. नेहमी तोंडाचा पट्टा सुरू, आज त्यांनी नुसती मानेनं खूण केली. टेबलाखाली एक पत्र्याची ट्रंक होती, गाडीवरचा माल बांधायच्या जाड दोरानं करकचून बांधलेली. वरची गाठ ड्रायव्हरांची, एका हिसक्यात सुटणारी.

"हे काय?"

"त्याचा संसार," मामा म्हणाले. "महिना होऊन गेला बांधून. म्हटलं, अरे मुकादमा, निवृत्तीला अवकाश आहे, एवढी घाई कसली? तर म्हणतो, पोरानं बोलावलंय, तयारी असावी."

तारवाला उभा होता तो ट्रंकेवर बसला.

"बोलावलंय म्हणाले? मग हो म्हणायचं होतं त्यांना?"

"नाही तर काय!" मामांचा आवाज चढला. पंधरा दिवस दाबून ठेवलेलं होतं ते. "रोज तीनला तो फोन धरून बसायचा, हो म्हणायला. मी इथं उभा असायचो. ओठ हलायचे त्याचे. आणि तू आपला दाणकन आपटायचास! रोज! मी म्हटलं, असला कसला पोरगा, बापाला एक वाक्य बोलू देत नाही? तर मलाच म्हणतो, कामात असतो तो."

"मी नाही ठेवला, मामा."

"मग कुणी ठेवला?"

"मला वाटलं बाबाच ठेवतात."

"त्यानं कधीच ठेवला नाही रे. तुटल्यावरसुद्धा कितीतरी वेळ कानालाच असायचा. तोडत होतं कोण मग?"

वीस हा आकडा तारवाल्याच्या डोळ्यांसमोर आला आणि तिथंच उभा राहिला.

"कंट्रोलर," तो म्हणाला.

"म्हणजे मशीन? आणि मशीनला असं करायला सांगितलं कुणी?"

"मी."

मामा टेबलावरचा बाबांचा कप पालथा होता तो उगाच सुलटा करत म्हणाले, "शेवटी शेवटी म्हणायचा, त्यानं आईच्या वेळी शब्द दिला होता. दिला असेल तेव्हा खराच दिला असेल. पोरांना कामं असतात."

तारवाल्यानं ट्रंक उचलली. ती फारशी जड नव्हती. वरच्या खोलीत नेऊन त्यानं दोर ओढला, गाठ एका हिसक्यात सुटली. दोन शर्ट, दाढीचं सामान, आईचा चष्मा, आणि एक खिडकीचा पडदा. नवाकोरा, दुकानाची घडी न मोडलेला. सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून घेतलेला.

मग त्यानं कंट्रोलरची नोंद उघडली. अकरा ते चाळीस. नियमाच्या आधीचे फोन असे होते: चार मिनिटं, सहा मिनिटं, तीन, पाच. नियमाच्या दिवसापासून खाली एकसारखी ओळ: तेवीस सेकंद, बावीस सेकंद, चोवीस, बावीस. मधोमध एकच तीन मिनिटांचा. त्या दिवशी इंजिन धडधडत होतं, आणि कंट्रोलरला वाटलं होतं, कुणीतरी बोलतंय. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शेरा होता. 'मृत फोन, तोडला.' साहेबांना दिलेल्या महिन्याच्या अहवालात त्यानं ह्याच शेऱ्यांची बेरीज मोठ्या अभिमानानं ठळक अक्षरांत लिहिली होती. त्यानं बाबांच्या ओळी मोजल्या. सदतीस. सदतीस वेळा ते वाक्य दारापर्यंत आलं होतं.

त्यानं नियमांचं पान उघडलं. भट्टीला धक्का लावता येत नव्हता. त्यानं फक्त एक ओळ घातली, कुणालाही न विचारता. नंबर अकरा: रिकामी पाकिटं आत घ्यावीत. तोडू नये.

तीनची पाळी बदलली. जिन्यावर पावलं वाजली, खालच्या मजल्यावर फोन घणघणायला लागले. त्यानं अकरा नंबर लावला.

"हॅलो, फाटक!" मामा खेकसले. "कोण? अरे बोला की! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय का..." आणि मग त्यांना फोनवरचा चाळीसचा आकडा दिसला असावा. मामा थांबले. जन्मभर ज्यांची जीभ कधी टाळ्याला लागली नाही, ते मामा गप्प झाले.

तारवाल्याच्या समोरच्या मॉनिटरवर अकरा नंबरकडून पाकिटं येत होती. मी आहे, पण गप्प आहे. मी आहे, पण गप्प आहे. वीस सेकंद झाले. फोन तुटला नाही. एक मिनिट झालं. दोन झाली. मामांचा दमेकरी श्वास तेवढा मध्ये मध्ये यायचा.

पलीकडे भोंगा वाजला.

"गाडी आलीय रे," मामा अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "रिकामी आहे. आत घेतो. ठेवू का?"

"तुम्ही ठेवा, मामा. मी नाही ठेवणार."

मामांच्यानं ते झालं नाही. त्यांनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि गेले. तारवाल्याला चपला ऐकू आल्या, फाटकाचा दांडा करकरला, रिकामी गाडी खडखडत आत आली आणि लांब गेली. नंतर केबिनमध्ये कुणी नव्हतं. तरी पाकिटं येत होती. तो रिसीव्हर कानाला धरून बसला. आपल्या बाजूचा आवाज बंद करायचं बटण आज त्यानं दाबलंच नव्हतं. पंख्यांची घरघर सगळी पलीकडे जात होती, आणि गिरणी घातलीस का, असं विचारायला तिथं कुणी नव्हतं.